दर कॉन्ट्रॅक्टर सांगतो, फरशी मिस्त्री बसवतो

"दोन बाय दोनला काय घ्याल?" दोन फूट बाय दोन फुटांची टाइल बसवायची असली की कॉन्ट्रॅक्टरला फोनवर पहिला प्रश्न हाच असतो, आणि पलीकडून आकडाही लगेच येतो. अमुक रुपये चौरस फूट. तीन-चार जणांचे असे आकडे कागदावर मांडायचे, खालून पहिला किंवा दुसरा निवडायचा, आणि पंधरा दिवसांनी हॉलमध्ये राडारोड्याची पोती रचलेली असताना कळतं की स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, त्यात धरलेलंच नव्हतं.

पुण्या-मुंबईकडच्या जुन्या फ्लॅटमधली मोझॅक उखडून व्हिट्रिफाइड बसवायची आहे, फरशीचं क्षेत्र साधारण ५०० चौरस फूट, असं धरून पुढचं सगळं लिहिलं आहे. संगमरवर, लाकडी फळ्या, एपॉक्सी हे विषय वेगळे आणि त्यांचे कारागीरही वेगळे.

आकड्यात काय आहे?

चौरस फुटाचा दर हा अर्धाच दर असतो. टाइल बसवायची मजुरी त्यात नक्की असते, बाकी प्रत्येक गोष्ट विचारून घ्यावी लागते. जुनी फरशी तोडणं आहे का? तोडलेलं खाली उतरवणं आहे का? उतरवलेलं गाडीत भरून नेणं आहे का? ही तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्हींचे पैसे वेगळे मागता येतात. स्कर्टिंग रनिंग फुटावर (लांबीच्या फुटावर) वेगळं. दाराखालची ग्रॅनाइटची पट्टी वेगळी, तिच्या कडेचं मोल्डिंग आणखी वेगळं. ग्राउटची, म्हणजे सांधे भरायची, मजुरी, फरशी बसल्यावर वर टाकायचं प्लास्टिक किंवा पीओपी, नहाणी ट्रॅपच्या जाळ्या, हे 'किरकोळ' या नावाखाली शेवटच्या दिवशी उगवतं.

राडारोड्याचं गणित घरमालकाला सहसा ठाऊक नसतं आणि कॉन्ट्रॅक्टरला पक्कं ठाऊक असतं. मोझॅकची टाइल आणि तिच्याखालचा सिमेंट-वाळूचा माल मिळून जाडी साधारण ३ इंच. ५०० चौरस फुटांचे झाले १२५ घनफूट, म्हणजे सव्वा ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट). तोडल्यावर ते फुलून दीडपट होतं. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात उचलता येईल इतपतच, म्हणजे घनफूटभर भरलं तर १८० ते १९० पोती. वजन सात टनांच्या आसपास. बहुतेक सोसायट्या यासाठी लिफ्ट देत नाहीत. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरून ही पोती खांद्यावर उतरणार, आणि "डेब्रिज आपण बघून घेऊ" या वाक्याची किंमत त्या दिवशी कळणार. टेम्पो रात्री कुठल्या तरी नाल्याकाठी रिकामा झाला तर महापालिकेचा दंड आणि सोसायटीचा जाच दोन्ही मागे लागू शकतात, म्हणून राडारोडा कुठे जाणार हेही विचारा. मुंबईत महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे. इतर शहरांत वॉर्ड ऑफिसमध्ये ठरलेली जागा सांगतात.

तेव्हा दर घेताना सगळ्यांना एकच यादी द्यायची. समजा एकाने ४० सांगितले आणि दुसऱ्याने ६०. ४० वाल्याच्या दरात तोडणं, उतरवणं आणि १५० रनिंग फूट स्कर्टिंग मिळवलं की तो कधी कधी ६० च्या पुढे जातो. आणि दर 'लेबर'चा की 'विथ मटेरियल'चा हे आधी लिहून घ्या. विथ मटेरियल असेल तर सिमेंट कुठल्या कंपनीचं, वाळू नदीची की क्रश सँड, अ‍ॅडहेसिव्ह (टाइल चिकटवायचा तयार माल) कुठल्या टाइपचं, हेही त्याच कागदावर.

तो घरी येतो तेव्हा

माणूस कसा आहे हे पहिल्या वीस मिनिटांत बऱ्यापैकी कळतं. टेप काढून हॉल मापला, मोबाइलवर गुणाकार केला आणि आकडा सांगितला, तर त्याने फक्त मापं घेतली. काम जाणणारा आधी दारं उघडून बघतो. प्रत्येक दार, बाल्कनीचं स्लायडिंग, सेफ्टी डोअर, कपाटाचे खालचे पल्ले. कारण नवी फरशी किती वर येणार यावर निम्मी भांडणं अवलंबून असतात. जुन्या फरशीवरच नवी चिकटवायची असेल तर टाइलचे ९-१० मिलिमीटर आणि अ‍ॅडहेसिव्हचे ३ ते ५, म्हणजे साधारण अर्धा इंच चढतो. मुख्य दार तासावं लागतं. स्वयंपाकाचा ओटा अर्धा इंच बुटका होतो, ट्रॉल्या खाली घासतात. बाथरूमचा उंबरा पुरेसा उंच राहिला नाही तर पाणी बेडरूममध्ये येतं.

मग तो लेव्हल घेतो. लेझर असो की पाण्याची पारदर्शक नळी, दोन्ही चालतात, पण काहीतरी हवंच. भिंतीवर चहूकडे एका उंचीची रेघ मारायची आणि तिथून खाली फरशीपर्यंत प्रत्येक कोपऱ्यात मापायचं. जुन्या घरात हॉलच्या एका कोपऱ्यापासून मागच्या बेडरूमपर्यंत इंचभर फरक निघाला तर नवल नाही. तो इंच मालाने भरावा लागणार. बेड, म्हणजे टाइलखालचा मालाचा थर, २ इंचांऐवजी ३ इंच झाला तर जास्तीचं सिमेंट-वाळू कुणाच्या खात्यात, हा प्रश्न त्याने स्वतःहून काढला तर मनात एक खूण करून ठेवा. असा माणूस बहुतेक चांगला निघतो.

जुन्यावर नवी बसवायची की उखडायची, यावर त्याचं उत्तर ऐका. तोडफोड नको म्हणून वरूनच बसवू, असं न वाजवताच सांगणारा नको. रुपयाचं नाणं घेऊन जुनी फरशी वाजवायची. भरीव टाइलचा आवाज बारीक आणि टणक येतो, पोकळीचा डबडब. ठिकठिकाणी डबडब वाजत असेल तर तिच्यावर चिकटवलेली नवी फरशी जुनीला घेऊनच उचलली जाईल. उखडायची असेल तर ब्रेकर (फोडायचं यंत्र) फिरवण्याआधी विजेच्या आणि पाण्याच्या पाइपांची वाट विचारायला हवी. फरशीखालच्या भरावातून कंड्यूट (तारांच्या नळ्या) नेलेली असतात आणि ब्रेकरला ती दिसत नाहीत. जुन्यावर संगमरवर किंवा ग्रॅनाइट जाड मालात बसवायचा सल्ला कुणी दिला, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. १८ मिलिमीटरचा दगड आणि २ इंच माल मिळून चौरस मीटरला दीडशे किलोचा भार होतो, आणि राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं-सामानाचा म्हणून धरलेला भारच चौरस मीटरला सुमारे २०० किलो असतो.

बाथरूम याच कामात उरकून घेऊ, हा मोह फार महागात पडतो. तिथली फरशी काढली की वॉटरप्रूफिंग जातं. ते वेगळं काम, वेगळा दर, आणि टाइल लावण्याआधी किमान २४ तास, जमल्यास ४८ तास पाणी भरून ठेवायची चाचणी. खालच्या मजल्यावर जाऊन छत बघायचं, ओल नसेल तरच पुढे. "पाणी भरायची गरज नाही, केमिकल मारलंय" म्हणणाऱ्याला बाथरूम देऊ नका.

मिस्त्री कोण?

कॉन्ट्रॅक्टर दर सांगतो, चहा पितो, उचल घेतो. फरशी बसवतो त्याचा मिस्त्री, आणि कॉन्ट्रॅक्टरच्या चार साइट चालू असतील तर त्याचे चार मिस्त्री असतात, सगळे सारखे नाहीत. म्हणून संदर्भ मागताना फोटो मागू नका. चालू साइट बघायला मागा आणि आपल्याकडे येणार तोच मिस्त्री तिथे काम करत असू दे. दुसरी, दोन-तीन उन्हाळे काढलेली साइट. फरशीचे दोष पहिल्या महिन्यात दिसत नाहीत, मे महिन्यात टाइल फुगून उचलली की दिसतात.

चालू साइटवर बघायचं काय? पहिलं, मालाचा घमेला. बेडसाठीचा माल भुरभुरा हवा. मुठीत दाबला की गोळा राहावा आणि बोटांतून पाणी निघू नये. ओलाचिंब माल थापायला सोपा पडतो, पण वाळताना आकसतो, टाइल बसते आणि तिच्याखाली पोकळी राहते. दुसरं, मिस्त्रीला नुकतीच बसवलेली एक टाइल उचलून दाखवायला सांगा. हे मागितल्यावर त्याचा चेहरा कसा होतो तेही बघण्यासारखं असतं. टाइलची पाठ बघा. दातेरी थापीच्या रेघा दबून एकमेकींत मिसळलेल्या आणि जवळपास सगळी पाठ भरलेली दिसली तर काम चांगलं. कोरड्या खोलीत निदान ८० टक्के, बाथरूम-बाल्कनीत ९५ टक्के, असं माप धरतात. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे मालाचे पेढे ठेवून त्यावर टाइल टेकवलेली असेल, तर पेढ्यांच्या मधली सगळी जागा हवा आहे. तिथे कपाटाचा पाय आला की टाइल तडकणार.

तिसरं, कडा. दोन टाइलच्या सांध्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर एक कड वर आहे. इथे दोष नेहमी मिस्त्रीचाच असतो असं नाही. दोन बाय चारच्या टाइलला मुळातच थोडा बाक असतो. दोन टाइल तोंडाला तोंड लावून उभ्या धरल्या की टोकांशी फट दिसते. अशा टाइल विटांसारख्या निम्म्या-निम्म्या सरकवून लावल्या तर एकीचा फुगलेला मध्य दुसरीच्या दबलेल्या टोकाशेजारी येतो आणि ठेच लागते. एकतर सरळ रेषेत लावाव्यात, नाहीतर एकतृतीयांशच सरकवाव्यात. मिस्त्रीला हे कारण सांगता येत असेल तर पुढचे प्रश्न विचारायची गरज उरत नाही.

वेगाबद्दल: एक मिस्त्री आणि एक-दोन हाताखालचे बिगारी दिवसाला साधारण १०० ते १५० चौरस फूट नीट बसवतात. "दोन दिवसांत घर उरकतो" ऐकायला छान वाटतं, पण कोपरे, दारं, कटिंग यांना वेळ लागतोच.

माल, आणि त्यातली चोरी

मोझॅक पाणी प्यायची, म्हणून सिमेंटच्या स्लरीवर (पाण्यात कालवलेल्या सिमेंटवर) ती घट्ट बसायची. व्हिट्रिफाइड पाणी जवळपास पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पद्धत जुनी, टाइल नवी, म्हणून ती सुटते. दोन बाय दोन अजून माल-स्लरीवर बसवतात आणि हात चांगला असेल तर टिकतेही. दोन बाय चार किंवा त्याहून मोठी टाइल मात्र अ‍ॅडहेसिव्हवरच. अ‍ॅडहेसिव्हसाठी आयएस १५४७७ हे भारतीय मानक आहे आणि त्यात टाइप १ ते ५ आहेत. साधारणपणे व्हिट्रिफाइडला टाइप २, जुन्या टाइलवर टाइप ३. पिशवीवर ते छापलेलं असतं, वाचा.

५०० चौरस फुटांचा २ इंची बेड, प्रमाण १:६ धरलं, तर सिमेंटच्या साधारण १३ गोण्या आणि ब्रासभर वाळू लागते. वरून स्लरी करायची असेल तर आणखी ४ गोण्या. अ‍ॅडहेसिव्हची २० किलोची पिशवी ३ मिलिमीटर थराला ५० चौरस फुटांच्या आसपास जाते, म्हणजे १० पिशव्या. मोठ्या टाइलला मोठ्या दात्यांची थापी घेऊन पाठीलाही लावायचं असेल तर जवळपास दुप्पट. रिकाम्या पिशव्या टाकू देऊ नका, कोपऱ्यात ठेवायला सांगा आणि संध्याकाळी मोजा. २०० चौरस फूट झाले आणि पिशव्या दोनच रिकाम्या, तर अ‍ॅडहेसिव्हमध्ये सिमेंट मिसळलं जातंय. ही चोरी कायमची आहे, आणि "त्याने अजून मजबूत होतं" हे तिचं समर्थनही कायमचं.

टाइलच्या पाठीला भट्टीतली पांढरी भुकटी असते. ओल्या फडक्याने ती पुसून मगच बसवायची, नाहीतर अ‍ॅडहेसिव्ह भुकटीला धरतं आणि टाइल मोकळीच राहते. मिस्त्रीच्या शेजारी पाण्याची बादली आणि फडकं दिसत नसेल तर विचारा.

टाइल स्वतः विकत घ्या. कॉन्ट्रॅक्टर ज्या दुकानात घेऊन जातो तिथे त्याचं कमिशन असतं, हे उघड गुपित आहे आणि त्यात फारसं गैरही नाही, फक्त ते आपल्या बिलातून जातं. दोन बाय दोनच्या खोक्यात बहुतेक ४ टाइल, म्हणजे १५.५ चौरस फूट. ५०० वर ८ टक्के कटिंगचे धरून ३५ खोकी. तिरकी बसवणार असाल तर १२ ते १५ टक्के धरा. ४ इंची स्कर्टिंग त्याच टाइलमधून कापलं तर एका टाइलचे सहा तुकडे, १२ रनिंग फूट. १५० फुटांना १३ टाइल, तुटफूट धरून ४ खोकी. वर एक खोकं जपून ठेवायला. एकूण ४०. सगळ्या खोक्यांवर शेड नंबर आणि बॅच एकच आहे ना, हे टेम्पोतून उतरवतानाच बघायचं. फरशी लागल्यावर दुकानदार काहीच बदलून देत नाही.

कागद आणि पैसे

करार म्हणजे वकिली भाषा नको. एक पान पुरे: कामाची यादी, प्रत्येकाचा दर, माप कसं घ्यायचं (बसलेल्या फरशीचं, भिंतीपासून भिंतीपर्यंत), मिस्त्री कोण, तारखा, पैशांचे टप्पे, आणि तुटलेल्या टाइलची जबाबदारी. खाली दोघांच्या सह्या. हेही अवघड वाटत असेल तर सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि त्याच्याकडून "मान्य" एवढं उत्तर घ्या.

उचल १० टक्क्यांच्या वर देऊ नये, फार तर १५. निम्मी रक्कम आधी मागणारा बहुतेक वेळा मागच्या साइटचे मजूर तुमच्या पैशातून भागवत असतो. तोडून राडारोडा खाली गेल्यावर २० टक्के, फरशी बसेल तसं मापून एकूण ५० टक्के, ग्राउट आणि सफाईनंतर १० टक्के, उरलेले १० टक्के महिन्याभराने, नाणं वाजवून झाल्यावर. हे शेवटचे दहा टक्के मान्य करून घेताना घासाघीस होते. दर थोडा सोडा, पण हे सोडू नका.

जीएसटी नंबर नाही म्हणजे माणूस लबाड, असंही नाही. वर्षाला २० लाखांच्या आत काम करणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. पण नोंदणी नसलेला माणूस बिलावर १८ टक्के लावत असेल तर ते १८ टक्के त्याच्या खिशात जातात. पैसे शक्यतो खात्यावर द्या. पुढे तक्रारीची वेळ आलीच तर जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण पैसे दिल्याचा पुरावा लागतो.

बसवायच्या दिवसांत

पहिल्या सकाळी घरी थांबा, बाकीचे दिवस नाही थांबलात तरी चालेल. सुरुवात कुठून करायची ते त्याच सकाळी ठरतं. टाइल कोरड्याच मांडून बघायला सांगा. मुख्य दारातून आत आल्यावर अखंड टाइल दिसावी आणि कापलेले तुकडे सोफ्यामागे, पलंगाखाली जावेत. भिंतीपाशी दोन इंचांची पट्टी उरत असेल तर सुरुवातच सरकवायची. खोल्या काटकोनात नसतात. गुण्या (काटकोनी पट्टी) लावला की कळतं, आणि नाही लावला तर शेवटच्या ओळीत कळतं.

सांध्यात निदान २ मिलिमीटरचे स्पेसर (फट राखणारे तुकडे) हवेत. "पेपर जॉइंट देतो, एकदम बिनसांध्याचं दिसेल" या वाक्याला भुलू नका, त्यात टाइल एकमेकींना खेटून बसतात. भिंतीपाशीही ५-६ मिलिमीटर मोकळे सोडायचे, ते स्कर्टिंगखाली झाकले जातात. टाइल उन्हाने वाढते. तिला जागा मिळाली नाही की दोन टाइल एकमेकींना रेटून तंबूसारख्या उभ्या राहतात. स्लरीवर अर्धवट चिकटलेली फरशी असेल तर असं हमखास होतं, तेही दुपारी धाडकन आवाज करून.

ग्राउट २४ तासांनी, त्याआधी नाही. ग्राउटचा वरचा पातळ थर लगेच पुसून काढावा लागतो, एपॉक्सी ग्राउट असेल तर विशेषच. वाळला की फरशीवर धूसर पापुद्रा राहतो आणि मग अ‍ॅसिडची बाटली बाहेर येते. अ‍ॅसिड घरात येऊच देऊ नका, सिमेंटचं ग्राउट ते खाऊन टाकतं.

शेवटचं माप घेताना नाणं घेऊन गुडघ्यावर बसा. प्रत्येक टाइलचे चार कोपरे आणि मध्य. पोकळ वाजेल तिथे खडूने फुली. कडेला एखादी फुली चालते, चालण्याच्या वाटेवरची टाइल बदलून घ्यायची. राखून ठेवलेलं खोकं तेव्हा उपयोगी पडतं. उरलेल्या टाइल पलंगाखाली उभ्या ठेवा, आणि खोक्याचा शेड नंबर लिहिलेला तुकडा फाडून लाइटबिलांच्या फाइलमध्ये.